बगळा केशरी होतो, जुने पीस नव्हे

महोदय,

‘पूर्ण वाढलेल्या पिसात पक्षी आतून नवा रंग भरू शकत नाही’ या माझ्या लेखातील विधानावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात चिखलणीच्या मागे फिरणारा पांढरा गायबगळा रोवणीपर्यंत केशरी झालेला असतो आणि चिमण्याचा गळा उन्हाळ्याकडे काळा होत जातो. दोघांचीही पिसे गळताना कोणाला दिसत नाहीत, म्हणून रंग जुन्याच पिसांत उतरत असावा, असे आपण म्हणता. निरीक्षणे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

पीस वाढत असते तेव्हा त्याच्या दांड्यात रक्त खेळत असते आणि त्याच काळात रंगद्रव्य पिसात भरले जाते. वाढ पूर्ण झाली की रक्त मागे हटते आणि उरते ते नखासारखे निर्जीव केराटिन. म्हणूनच अर्ध्यात मोडलेले पीस पुढच्या पीसगळतीपर्यंत तसेच राहते. मुळासकट उपटले गेले, तर त्या जागी नवे उगवते.

बगळ्याच्या डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर विणीच्या हंगामात येणारी केशरी पिसे नव्याने उगवलेली असतात. जवळून पाहिल्यास ती केसांसारखी सुटी आणि लोंबती दिसतात, पांढऱ्या पिसांसारखी सपाट नसतात. त्याच सुमारास त्याचे पायही लालसर होतात, पण ती जिवंत कातडी आहे; तिचा रंग बदलण्यासाठी काही गळावे लागत नाही.

चिमण्याचे उदाहरण अधिक रंजक आहे, आणि आपण ते काढलेत याचा मला आनंद वाटला. विणीचा हंगाम संपल्यावर त्याची सगळी पिसे बदलतात. गळ्यावर नवी येणारी पिसे काळीच असतात, परंतु प्रत्येकाचे टोक फिकट राखी असते आणि पिसे कौलांसारखी एकावर एक बसत असल्याने आतला काळा भाग झाकला जातो. मेलॅनिन हे काळे द्रव्य पिसाला चिवट करते. फिकट टोकांत ते कमी असल्यामुळे धूळ, ऊन आणि घर्षण यांनी ती आधी झिजतात, आणि विणीच्या तोंडावर काळा गळा उघडा पडतो. म्हणजे रंग चढत नाही, त्यावरचे आवरण झिजून जाते.

राहिला गळती न दिसण्याचा मुद्दा. बहुतेक पक्षी पिसे थोडी थोडी टाकतात, पंखांतली तर दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने, म्हणजे उडताना तोल जात नाही. बगळ्याचे इवलेसे पीस चिखलात पडले, तर ते कोणाच्या नजरेस पडणार? मोराचा पिसारा पावसाळ्याच्या अखेरीस गळतो तेव्हा गुराख्यांच्या पोरांना तो बरोबर सापडतो, कारण ती पिसे हातभर लांब असतात. तेव्हा विधान मी बदलत नाही. झिजेने दिसणाऱ्या रंगाचा, म्हणजे आपल्या चिमण्याचा, परिच्छेद मात्र मूळ लेखात त्याच्या खालीच जोडत आहे.