चित्रं बघायला जाताना डबा न्यावा का?

साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिता पिता कुणी विचारलं, ‘यंदा सुट्टीत कुठं?’, तर ‘गोवा’ म्हणायचे दिवस संपले. गोव्याला आता गल्लीतला किराणावालाही जाऊन आलाय. तुम्ही कपातल्या सायीवर फुंकर घालत सहज म्हणायचं, ‘मुंबईला एक प्रदर्शन आहे, ते धरून बाकीचं ठरवतोय.’ समोरचा ‘कसलं, साड्यांचं?’ असं विचारेल. त्याच्याकडे फक्त दयेनं बघा. सहल इथंच निम्मी वसूल होते.

कोची म्हटलं असतं तर जास्त शोभलं असतं. तिथलं बिनाले, म्हणजे कलेचं मोठं प्रदर्शन, 2012 च्या 12 डिसेंबरला, म्हणजे 12-12-12 चा मुहूर्त धरून सुरू झालं आणि साधारण वर्षाआड भरतं. पण सातारकराची आत्या कोचीत नसते. ती कोपरखैरण्याला असते. त्यामुळे मुंबई.

वार निवडताना शनिवारी भाचीचं लग्न, रविवारी पूजा आणि सोमवार मोकळा, असा हिशेब करा. सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असतं. जहांगीर आर्ट गॅलरीतली प्रदर्शनं बहुतेक मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपतात, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा चित्रकार सुतळी आणि बबल रॅप शोधत असेल. हा तोटा समजू नका. ‘शेवटच्या दिवशी पोचलो बाबा एकदाचा’ या वाक्याला जे वजन आहे, ते पहिल्या दिवशी पोचणाऱ्याच्या नशिबी नाही.

निघताना आत्या म्हणेल, ‘आरं, चितरं बघायला येवढ्या लांब? आमच्या सोसायटीत गणपतीला पोरं काढत्यात की.’ तिच्या हातात कंदी पेढ्यांचा बॉक्स द्या, तिनं दिलेला डबा घ्या, वाशीला गाडी बदला आणि सीएसएमटीला उतरा.

जहांगीरजवळच्या काळ्या घोड्याला पोचल्यावर घोड्याखाली फोटो काढणं आलंच. मूळ पुतळ्यावर सातवा एडवर्ड बसला होता, तो 1965 साली घोड्यासकट राणीच्या बागेत गेला. सध्याचा घोडा 2017 चा, त्यावर कुणी बसलेलं नाही. ही माहिती बायकोला सांगा. ती ऐकणार नाही, पण शेजारी उभं असलेलं कॉलेजचं जोडपं ऐकेल, आणि सांगायचं तर त्यांच्यासाठीच असतं.

जहांगीरला तिकीट नाही, हे कळल्यावर चेहऱ्यावरचा आनंद आवरा. ही गॅलरी 1952 पासून फुकट आहे. आत शिरल्या शिरल्या एक उसासा सोडायचा: ‘समोवार गेलं आणि जहांगीरचा जीवच गेला.’ समोवार हे इथलं जुनं कॅफे. ते 2015 साली बंद झालं, आणि तोवर तुम्ही तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायची गरज नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर दाढीवाला माणूस बसलेला असेल, तोच चित्रकार. या भिंती मिळाव्यात म्हणून त्यानं काही वर्षं वाट बघितलेली असते. त्याला विचारा, ‘हे सगळं तुम्हीच काढलं? हातानं?’ मग अभिप्रायाच्या वहीत लिहा, ‘छान प्रयत्न. अशीच प्रगती करत राहा.’ तो साठीचा असला तरी. किंमत मात्र विचारू नका, आत शोभत नाही. ती घासाघीस बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्यांशी करा. अडीच हजाराचं आठशेला मागा आणि ‘परत येताना बघतो’ म्हणून पुढं सरका.

किमतीची हौस भागवायची असेल तर चित्रकार एम. एफ. हुसेन आहेत. त्यांचं 1954 चं ‘ग्रामयात्रा’ कित्येक वर्षं ओस्लोच्या इस्पितळात होतं. 2025 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे 118 कोटींना गेलं. लांबी जवळजवळ 14 फूट. म्हणजे धावत्या फुटाला साडेआठ कोटींच्या आत-बाहेर. हे वाक्य आपण शेंद्र्याच्या गुंठ्याचा भाव सांगतो त्याच आवाजात सांगायचं. चित्रात काय आहे हे कुणी विचारत नाही, विचारलंच तर ‘खेडं’ म्हणा.

चित्रकार वासुदेव गायतोंड्यांसमोर जरा जपून. ‘आमच्या पतपेढीत एक गायतोंडे होते’ असं सुरू करू नका. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयानं 2014 साली ज्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, ते हे. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे. त्यांच्या कामाला ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना रुचत नसे, तेव्हा तुम्ही मोठ्यानं ‘अमूर्त’ म्हणा आणि मग स्वतःलाच दुरुस्त करा. भिंतीला चिकटपट्टीनं लावलेलं केळं कलाकृती म्हणून 2024 साली 62 लाख डॉलरला गेलं, त्यावर विनोद करायची मुदत मात्र संपली. तुमच्या साडूनं तो केव्हाच फॅमिली ग्रुपवर टाकलाय.

एक धोक्याची सूचना. हे असलं काही बघायला औंधला चुकूनही जाऊ नका. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे तास-सव्वा तासात पोचता येतं, हीच मुळात पंचाईत. लांब नाही तर सहल कसली? यमाईच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत भवानी संग्रहालय आहे, 1938 चं. ते उभारणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे तेच. आत रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, आणि हेन्री मूरचं दगडातलं ‘माता आणि बालक’ आहे. पण रांग नाही, चारशे रुपयांची कॉफी नाही, आणि स्टेटसला टाकलं तर लोक विचारणार, ‘यमाईला गेला होता का? अंगारा आणलाय?’ शिवाय तुम्ही एकदा जाऊन आलाय की! चौथीत, शाळेच्या सहलीत. आधी दर्शन, मग हात मागं बांधून एका ओळीत म्युझियम, मग झाडाखाली डबा. त्यातला डबा अजून आठवतो. बटाट्याची सुकी भाजी होती.

डब्यावरून आठवलं. न्या. पिशवी दारातच ठेवून घेतात, त्यामुळे दहा मिनिटांनी पोटात कालवाकालव सुरू होते आणि चित्रांसमोर उगाच रेंगाळणं टळतं.

परतीच्या एसटीत फोन उघडा. पावणेदोनशे फोटो निघतील. चाळीस घोड्याचे, साठ तुमचे, उरलेले चित्रांशेजारच्या पाट्यांचे, घरी जाऊन निवांत वाचू म्हणून काढलेले. पहाटे साताऱ्याच्या स्टँडवर उतरलात की पुढचं ठरवून टाका: लंडन. तिथल्या टेट ब्रिटनमध्ये हेन्री मूरला स्वतंत्र दालनं दिलीत. एवढा मोठा शिल्पकार, आयुष्यात एकदा तरी प्रत्यक्ष बघायला हवा. व्हिसाचे फोटो तेवढे इथंच राजवाड्यापाशी काढून घ्या, स्वस्त पडतात.