गिब्सनला मार बसतो, त्यात फाशांचा दोष नाही

बेसबॉलच्या सिम्युलेशन लीग (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवरून फासे किंवा संगणक वापरून खेळायच्या स्पर्धा) खेळणाऱ्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि दर ड्राफ्टच्या, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या, सुमारास तो नव्या जोमाने पुढे पाठवला जातो. प्रत्यक्षात बॅटरना नामोहरम करणारे स्टार्टिंग पिचर (सामन्याची सुरुवात करणारे गोलंदाज) सिम्युलेशनमध्ये हमखास मार खातात, त्यांचा ईआरए (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेले रन वगळून दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन) एक-दीड रनने वाढतो आणि विजयांची संख्या घसरते; तेव्हा खेळाचे गणितच बॅटरच्या बाजूने झुकवलेले आहे आणि शहाण्याने सुरुवातीच्या फेऱ्यांत पिचर घेऊ नये, असा तो दावा आहे. पुरावा म्हणून बहुतेक वेळा सेंट लुईस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनचा १९६८ चा हंगाम पुढे केला जातो. गिब्सनचा ईआरए त्या वर्षी १.१२ होता आणि त्याने सुमारे ३०५ इनिंग टाकल्या होत्या. सिम्युलेशन लीगमध्ये हाच गिब्सन दोनच्या वर, कधी अडीचच्याही वर जातो, ही तक्रार खरी आहे. तिच्यातून काढलेले निष्कर्ष मात्र जवळजवळ सगळे चुकीचे आहेत.

पहिला मुद्दा गणित झुकवल्याचा. हॅल रिचमन यांनी १९६१ साली बाजारात आणलेल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक या खेळात प्रत्येक खेळाडूचे त्याच्या हंगामाच्या आकड्यांवरून बनवलेले कार्ड असते आणि तीन फासे टाकतात. पहिल्या फाशावर १, २ किंवा ३ पडले तर निकाल बॅटरच्या कार्डावर पाहायचा आणि ४, ५ किंवा ६ पडले तर पिचरच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज कार्डावरची ओळ ठरवते. समजा ५ पडला आणि सोबत ४ व ३ आले, तर पिचरच्या कार्डातला पाचवा स्तंभ, सातवी ओळ. म्हणजे निम्मे निकाल पिचरच्या हाती आणि निम्मे समोरच्या बॅटरच्या हाती असतात. म्हणूनच पिचरचे कार्ड त्याच्या प्रत्यक्ष कामगिरीपेक्षाही कडक करावे लागते. गिब्सनविरुद्ध बॅटरची सरासरी, म्हणजे बॅटिंगच्या दर संधीमागे (वॉक वगळून) मिळालेले हिट, ०.१८४ होती आणि त्या वर्षी नॅशनल लीगची (मेजर लीगच्या दोन लीगपैकी गिब्सनची) एकूण सरासरी ०.२४३ होती. निम्मे निकाल ०.२४३ च्या सर्वसाधारण बॅटरकडून येणार असतील, तर एकूण ०.१८४ साधण्यासाठी गिब्सनच्या कार्डावर ०.१२५ एवढेच हिट असायला हवेत. आता ड्राफ्ट लीगमध्ये त्याच्यासमोर कोण उभे राहते ते पाहा. तीस संघांतले वेचक खेळाडू आठ-दहा संघांत वाटून घेतले, तर प्रत्येक बॅटिंग ऑर्डर ऑल-स्टार (निवडक ताऱ्यांच्या) सामन्यासारखी दिसते. ती सरासरी ०.२९० धरली, तर त्या बॅटरच्या कार्डांवर ०.३३७ हिट येतात आणि ०.१२५ व ०.३३७ यांची सरासरी ०.२३१ भरते. ही मांडणी अर्थातच सोपी केलेली आहे, कारण वॉक (चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस), होम रन आणि डावऱ्या-उजव्या बॅटरचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. पण तत्त्व हेच आहे. ०.१८४ चा गिब्सन ०.२३१ वर गेला, आणि त्यासाठी कोणाला काहीही झुकवावे लागले नाही.

याच्या जोडीला एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते. १९६८ मध्ये दोन्ही लीगमध्ये पिचरला स्वतः बॅटिंग करावी लागे, म्हणजे गिब्सनसमोर नवव्या क्रमांकावर बहुतेक वेळा एक दुबळा बॅटर येत असे. पिचरच्या जागी दुसऱ्याने बॅटिंग करण्याची पद्धत अमेरिकन लीगने १९७३ मध्ये आणि नॅशनल लीगने कायमस्वरूपी २०२२ मध्ये स्वीकारली. सिम्युलेशन लीगमध्ये ही पद्धत चालू ठेवायची आणि वर गिब्सनकडून १.१२ ची अपेक्षा करायची, हे जरा जास्तच झाले.

दुसरा मुद्दा असा मांडला जातो की कार्ड जर त्याच हंगामाच्या आकड्यांवरून बनवले आहे, तर ईआरए तोच यायला हवा. परंतु कार्डावर ईआरए छापलेला नसतो, हिट, वॉक, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमुळे बाद) आणि होम रन असतात. गिब्सनने त्या हंगामात १९८ हिट आणि ६२ वॉक दिले आणि त्यातून बॅटरना एकूण ४९ रन मिळाले. हे २६० बॅटर कोणत्या क्रमाने बेसवर पोहोचले, यावर रनांची संख्या अवलंबून असते. तीन हिट तीन वेगवेगळ्या इनिंगमध्ये विखुरले तर बहुधा रन होत नाही. तेच लागोपाठ पडले तर एक-दोन होतात. १९६८ मध्ये हा क्रम गिब्सनला अतिशय अनुकूल पडला होता आणि फासे तो क्रम लक्षात ठेवत नाहीत. शिवाय २०० इनिंग टाकणाऱ्या कोणत्याही पिचरचा ईआरए एका हंगामात निव्वळ योगायोगाने अर्ध्या रनाने इकडेतिकडे सरकू शकतो. एका सिम्युलेशन हंगामावरून निर्णय देणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि इथे सगळी शिते सारखी शिजलेली नसतात.

हा दावा दोन निराळ्या प्रकारच्या खेळांची गल्लत करतो, हे मला सर्वांत खटकते. कार्डांच्या खेळात हंगामातले नशीबही कार्डावर गोठलेले असते. आउट ऑफ द पार्कसारख्या संगणकीय खेळात खेळाडूची क्षमता स्टफ, मूव्हमेंट, कंट्रोल अशा मानांकनांत मांडलेली असते आणि नशीब पुन्हा नव्याने वाटले जाते. बॉस्टनच्या पेद्रो मार्टिनेझचे लागोपाठचे दोन हंगाम घ्या. १९९९ मध्ये ३१३ स्ट्राइकआउट, ३७ वॉक, ९ होम रन आणि ईआरए २.०७, २००० मध्ये २८४ स्ट्राइकआउट, ३२ वॉक, १७ होम रन आणि ईआरए १.७४. दोन्ही वर्षी मैदानात खेळले गेलेले (म्हणजे स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन न ठरलेले) चेंडू सुमारे ४७० होते, पण होम रन वगळता हिट १९९९ मध्ये १५१ झाले आणि २००० मध्ये फक्त १११. मैदानात पडलेल्या चेंडूचा हिट होणे पिचरच्या हाती समजतात त्याहून फार कमी असते, हे बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक वोरोस मॅक्रॅकन यांनी २००१ च्या सुमारास मांडले आणि त्या मताला पुढे मुरड पडली तरी गाभा टिकला. तेव्हा २००० च्या पेद्रोचे कार्ड ते ४० हिट कायमचे वाचवते, आणि मानांकनांचा खेळ ते वाचवेलच असे नाही. पहिल्या प्रकारात ‘पेद्रो चालत नाही’ म्हणणाऱ्याने समोरचे बॅटर पाहावेत; दुसऱ्या प्रकारात त्याने हंगामाचे नशीब वजा करून पाहावे.

गिब्सन आणि पेद्रो यांची थेट तुलना करणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. गिब्सनच्या १.१२ च्या वर्षी नॅशनल लीगचा ईआरए २.९९ होता आणि पिचरचे वर्चस्व इतके वाढले होते की पुढच्याच वर्षी पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्याची मर्यादा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावी लागली. पेद्रोच्या १.७४ च्या वर्षी अमेरिकन लीगचा ईआरए ४.९१ होता. वेगवेगळ्या काळांतले खेळाडू एकत्र आणणाऱ्या लीगमध्ये पेद्रो वरचढ ठरला तर ती चूक नसते, तसेच व्हायला हवे.

विजयांच्या तक्रारीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. पिचरच्या नावावर विजय पडायचा तर त्याच्या संघालाही रन करावे लागतात. पिचर जेकब डिग्रॉमने २०१८ मध्ये १.७० च्या ईआरएने १० सामने जिंकले आणि ९ हरले. खुद्द गिब्सन त्या १.१२ च्या वर्षी नऊ सामने हरला. त्यातला एक १७ सप्टेंबरचा, ज्यात प्रतिस्पर्धी पिचर गेलॉर्ड पेरीने कार्डिनल्सना एकही हिट मिळू दिला नाही आणि सामना १-० असा गेला.

राहिला ड्राफ्टचा सल्ला. इथे दाव्यात थोडे तथ्य आहे: निवडक लीगमध्ये उत्तम पिचरची इतर पिचरांवरची आघाडी घटते, कारण प्रतिस्पर्ध्यांचे पिचरही वेचलेले असतात. त्यांच्याविरुद्धची सरासरी ०.२१५ धरली तर वरच्याच हिशेबाने ते ०.२६२ वर जातात, आणि गिब्सनची आघाडी ०.०५९ वरून ०.०३१ वर येते. पण ०.३३० च्या बॅटरलाही हाच नियम लागू आहे, ०.२९० च्या सोबत्यांमध्ये त्याची आघाडीही ०.०८७ वरून ०.०४० वर येते. मग प्रश्न उरतो तो तीनशे इनिंगचा, म्हणजे कोण किती काम उचलतो याचा, कारण बॅटर दर सामन्यात चार-पाच वेळा उभा राहतो आणि गिब्सनने ३४ सामन्यांची सुरुवात करून त्यांतले २८ स्वतःच संपवले होते.