चार फुटांपुरता गुलाब

गुलाब घ्यायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. मला जाळी टाकवेना, एवढंच. मे महिन्यात माजघराची खिडकी बदलली, तिची जुनी सागवानी जाळी निघाली. चार फूट उंच, अडीच फूट रुंद, एक पट्टी सोडली तर धडधाकट. आमच्याकडे रत्नागिरीला सागाची वस्तू टाकून देणं म्हणजे भरल्या पानावरून उठणं. ती पडवीत उभी राहिली. येणारा-जाणारा विचारायचा, "ही कशाला हो?" एकदा वैतागून सांगून बसले, "गुलाब चढवणार आहे तिच्यावर." तोंडातून गेलं ते गेलं. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं.

सासूबाई पडवळाच्या बाजूच्या. "चढतंही आणि भाजीही होते," त्या म्हणाल्या. पण पडवळ सरळ व्हावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधायचे आणि पडवीत येणाऱ्या प्रत्येकाने ते कपाळावर घ्यायचे, हे मी माहेरी पुष्कळ भोगलंय.

कोकणात वेल चढवावी लागते हेच मुळात मला ठाऊक नव्हतं. इथे मिरवेल पोफळीला सख्ख्या बहिणीसारखी बिलगते, घेवडा गडग्यावरून शेजारी जाऊन तिकडेच शेंगा धरतो, आणि पावसात दोरीवर टॉवेल विसरलात तर चार दिवसांत त्यालाही काहीतरी हिरवं लागतं. गुलाबाचं तसं नाही. त्याला ना तणावे, ना कांड्यांना मुळं. वेलगुलाब म्हणतात तो वेल नव्हेच. लांब, लवचीक फांद्या टाकणारं ते झुडूप. रानात असला तर वाकड्या काट्यांनी शेजारच्या झाडाला ओरबाडत वर जातो. जाळीवर असला की आपणच त्याला हाताला धरून न्यायचं आणि सुंभाने बांधायचं. त्यातही फांदी सरळ वर जाऊ दिली तर फुलं शेंड्यालाच येणार, म्हणजे आमच्याकडे कौलांना दिसणार. तीच आडवी वाकवून बांधली की शेंड्याचा तोरा उतरतो आणि पेरापेराला फुटवे येऊन फुलं धरतात.

एवढा अभ्यास करून मी नर्सरीत गेले. गुलाबांची गाडी घाट उतरून येते. काळ्या पिशव्या, प्रत्येकीला सुतळीने बांधलेलं फोटोचं कार्ड.

"चढणारा आहे का?"

"हा चढणाराच."

"आणि हा?"

"हाही."

"अहो, कार्डावर तर झुडूप दिसतंय."

"काकू, कार्ड छापणाऱ्याला काय कळतंय?"

"बरं, उंच केवढा होतो?"

"जेवढा न्याल तेवढा."

हे उत्तर मला पुढे चार ठिकाणी मिळालं. साडी घ्यायला गेलं तर वार सांगतात, पायजम्याला इंच सांगतात, गुलाबाची उंची मात्र गिऱ्हाइकाच्या इच्छाशक्तीवर. मला हवा होता चार फुटांपुरता, फार तर वाकवून बांधायला सहा. कुंडी सोळा इंची, सकाळचं ऊन पाच-सहा तास. एवढ्या तपशिलावर लोक मुलींची लग्नं ठरवतात.

एक नाव तेवढं खात्रीचं मिळालं, क्लायंबिंग आइसबर्ग. घरी येऊन वाचलं. आइसबर्ग हा जर्मनीतल्या कोर्डेस यांनी 1958 साली आणलेला पांढरा झुडुपी गुलाब. त्याच्याच एका झाडावर एक फांदी आपल्या आपण ताडमाड वाढली, आणि तिचे डोळे, म्हणजे फुटव्याचे कोंब, कलमाला घेऊन 1968 साली हा चढणारा भाऊ बाजारात आला. घरात सगळे साडेपाच फुटी आणि मधलाच एक सव्वासहा निघावा, तसं. हा दहा-बारा फूट सहज जातो. माझी जाळी त्याच्या गुडघ्याला लागली असती. शिवाय मे महिन्यात रत्नागिरीत हिमनग विकत घ्यायचा म्हणजे जरा अतीच.

मग कळलं की मला हव्या त्या मापाची एक अख्खी जात आहे. मिनिएचर क्लायंबर. पानं बारीक, फुलं बारीक, उंची पाच ते सात फूट. इंग्लंडमध्ये ख्रिस वॉर्नर नावाच्या गृहस्थांनी असे बरेच काढले, त्यातला नारिंगी 'वॉर्म वेलकम' तर जाळीसाठीच जन्मलेला. नाव कागदावर लिहून पुन्हा नर्सरीत गेले. नर्सरीवाल्यांनी कागद लांब धरून वाचला आणि म्हणाले, "वेलकमचं पायपुसणं ना? समोरच्या दुकानात मिळेल."

तिसऱ्या खेपेला मी देशाभिमानावर आले. आपल्याकडे रोझा क्लिनोफायला नावाचा रानगुलाब आहे. बंगाल-बिहारच्या पाणथळीत पावसाळाभर पाण्यात पाय सोडून उभा राहतो. कोडाईकनालच्या वीरराघवन यांनी उष्ण हवेत टिकणारे गुलाब काढण्यासाठी त्याचा संकर केला. मला वाचतानाच भरून आलं. पाण्यात उभा राहणारा गुलाब आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारी रत्नागिरी, पत्रिका बघायचीसुद्धा गरज नाही!

"क्लिनोफायला आहे?"

"पुढच्या गाडीत येईल," ते डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले. मी काजूच्या बोंडांचा गुलाब मागितला असता तरी पुढच्या गाडीत आला असता.

मधल्या काळात भाच्याने मोबाइलवरून निळ्या वेलगुलाबाच्या शंभर बिया मागवून दिल्या. निळं रंगद्रव्य गुलाबात मुळातच नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलातलं जनुक घालून 2009 साली 'निळा' गुलाब विकायला काढला, तोही जांभळटच. आमच्या पाकिटातून माठ उगवला. भाजी चांगली झाली.

शेवटी गाडीतल्या तिघांपैकी जो कमी खोटा वाटला तो घेतला. बारीक गुलाबी फुलांचा, कार्डावर 'मिनी क्लायंबर' पेनाने लिहिलेलं. लाल माती, शेणखत, तळाला चिऱ्याचे तुकडे, मागे सागवानी जाळी. दहा दिवस फुलं होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे आवडला होता.

मग जून लागला. गुलाबाच्या पानाला काही तास सलग ओल मिळाली की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजते. आमच्याकडे ओल तासांत नाही, महिन्यांत मोजतात. आधी खालच्या पानावर शाईच्या टिंबाएवढा ठिपका, भोवती पिवळी कड, मग पान हात लावताच खाली. कुंडी पागोळीखालून आत घेतली, तर ऊन मिळेना. बाहेर नेली, तर झड. आत-बाहेर, आत-बाहेर. लहानपणी आजारी बकरीचंसुद्धा इतकं केलं नव्हतं. गणपतीत दर्शनाला आलेल्या बायका जाळीसमोरच्या चार काटक्या बघून विचारायच्या, "धुपाला का हो?"

आणि भाद्रपदाच्या शेवटी बुंध्यातून एक कोंब आला. पोपटी, तजेलदार, ठिपक्याचं नाव नाही. आठवड्याला वीतभर. नवरात्रात जाळीच्या मध्यावर, दिवाळीत वरच्या पट्टीला. मी पुस्तकातल्यासारखा आडवा वाकवून सुंभाने बांधला, मागून आलेले तिघे पंख्यासारखे पसरले. पुण्याला लेकीला रोज फोटो. फूल नव्हतं, पण लेक म्हणाली, "आई, आधी बस्तान बसू दे त्याचं." सव्वाशे पानं मोजली मी. खरंच मोजली.

मार्गशीर्षात शेजारचे अण्णा आले. त्यांची हापूसची दीडशे कलमं. फुलझाडांकडे ते सहसा बघत नाहीत, पण जाळीपाशी थांबले, वाकले, कुंडीतली माती बोटाने उकरली.

"वहिनी, हा कलमाच्या सांध्याच्या खालून आलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे हा तुमचा गुलाब नव्हे. हा शिंचा खुंट, ज्याच्यावर तुमच्या गुलाबाचा डोळा बांधला होता तो."

"मग माझा गुलाब?"

"डोळा मेला. श्रावणातच गेला असेल."

मी मटकन बसले. दुःख गुलाबाचं नव्हतं. हापूसच्या कलमाला खालून रायवळाचा फुटवा आला तर दिसल्या दिवशी खुडायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जिल्ह्यातली सून मी, आणि तीन महिने रायवळाला शेणपाणी घालून, आडवा बांधून, त्याचे फोटो पुण्याला पाठवत होते.

"उपटू?" मी विचारलं.

"उपटायचा कशाला? खुंट झकास झालाय. ह्याच्यावर दुसरा डोळा भरू."

पौषातल्या एका सकाळी ते कलमाची सुरी आणि प्लॅस्टिकची पट्टी घेऊन आले. बहिणीच्या घरून, ओल्या फडक्यात गुंडाळून, बटण गुलाबाची काडी आणली होती. तिच्यावरचा मसुरीएवढा डोळा नखाएवढ्या सालीसकट अलगद काढला. खुंटावर जमिनीपासून चार बोटांवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर दिली, साल दोन बाजूंना उचलली, आणि डोळा आत सरकवला, पाकिटात सुट्टे पैसे सरकवावेत तसा. वरून पट्टी, डोळा तेवढा उघडा. माझ्या घरातले तिघे श्वास धरून बघत होते.

"तीन-चार आठवडे. हिरवा राहिला तर लागला. लागला की वरचं हे सगळं छाटायचं."

"सगळं?" माझी सव्वाशे पानं होती ती.

"सगळं."

आता पडवीत येणाऱ्या प्रत्येकाला मी लांबूनच ओरडते, "डोळ्याला हात नका लावू!" आणि लोक दचकून स्वतःच्या डोळ्याला हात लावतात. आज सोळावा दिवस. सकाळी भिंग घेऊन पाहिलं, हिरवा आहे.

अण्णा चहाला आले तेव्हा इतके दिवस राहून गेलेला प्रश्न विचारला.

"अण्णा, हा तुमच्या बहिणीकडचा उंच केवढा होतो हो?"

"तसा फार नाही," अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. "विहिरीच्या काठावर लावलेला. आता माडाला टेकलाय."