‘रोज दहा लेख लिहा, महिना १ लाख २० हजार कमवा’ हा मेसेज आता पुरे करा

परवा रात्री साडेदहाला अमळनेरहून भाचीचा फोन आला, आवाज पार रडवेला. "मामा, आते पोलीस घर येतीन का?" बी.ए. झालेली पोरगी, आईबापाला न सांगता १,८५० रुपये भरून बसली होती आणि आता तिच्या मोबाईलवर ६,८०० रुपयांची नोटीस येऊन पडली होती. सगळं त्या एका मेसेजपायी. महिनाभर झाला, आमच्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, भाऊबंदांच्या, कापूस भावाच्या, बचत गटाच्या सुद्धा. मला चार जणांनी पाठवला, तू लिहितो ना, तुझ्या कामाचं आहे म्हणून.

मेसेज थोडक्यात असा: घरबसल्या ३०० शब्दांचे छोटे लेख लिहा, लेखाला ४०० रुपये, रोज १० लेख, महिना १ लाख २० हजार. भाषा चांगली नसली तरी चालेल, एआय लिहून देतं. कंपनी सरकारमान्य, खाली सर्टिफिकेटचा फोटो. रजिस्ट्रेशन १,८५०, परत मिळणार. आणि शेवटी, ‘बहिणाबाई तर शाळेतही गेल्या नव्हत्या, तुम्ही तर शिकलेले आहात!’

बारा वर्षं मी याच कामावर घर चालवतोय, छोटे लेख, दुकानांच्या जाहिरातींचा मजकूर, खत-बियाण्यांच्या माहितीपत्रकांचं भाषांतर. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी जे खरं आहे ते सांगून टाकतो. लिहून घरबसल्या पैसे मिळतात, मिळतात बाबा. ४०० चा रेटही अगदी हवेतला नाही, मला मराठी कामाला शब्दाला ६० पैशांपासून दीड रुपयापर्यंत मिळालेत. पण रोज दहा? मागच्या पावसाळ्यात केळीच्या करप्यावर ३०० शब्द लिहायचे होते. रावेरकडच्या दोन शेतकऱ्यांना फोन केले, त्यातला एक संध्याकाळी साडेसातनंतरच मोकळा, मग त्याच्याकडून समजून घेतलं की खालच्या पानांवर ठिपके कसे दिसायला लागतात, कापलेली पानं बागेत पडू दिली तर काय होतं, मग औषधाचं प्रमाण कृषी सहायकाकडून तपासून घेतलं कारण दहा लिटर पाण्याला किती, हे आकडे चुकले तर वाचणाऱ्याचं नुकसान होतं. दीड दिवस गेला, ४५० रुपये मिळाले, ते पण ५० दिवसांनी आणि तीनदा आठवण करून दिल्यावर. आणि एवढं काम रोज देणारा कोणी नसतो, चांगल्या महिन्यात माझे असे पंधरा-वीस लेख होतात, बाकीची भर भाषांतरावर.

एआयचं तर सोडाच. मशीनने लिहिलेलंच चालत असेल तर कंपनी तुम्हाला ४०० कशाला देईल, स्वतःच बटण दाबेल की. गूगलने मार्च २०२४ मध्येच नियम केलाय की नुसतं सर्चमध्ये वर यायला थोकाने पाडलेला निरुपयोगी मजकूर स्पॅम धरला जाईल, मग तो माणसाने लिहिलेला असो की मशीनने.

सरकारमान्य म्हणजे काय, तर तो फोटो उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीचा होता. जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच भरलेल्या माहितीवर होते. ते सर्टिफिकेट म्हणजे सरकारने कंपनीची हमी घेतली असं होत नाही.

आता ज्याने पोरगी रात्रभर झोपली नाही त्यावर येतो. पैसे भरल्यावर तिला एक ॲग्रीमेंट आलं, मोबाईलवर बोटाने सही करायची, अकरा पानं, इंग्रजीत. काम काय, तर ५ दिवसांत ५० लेख आपल्या शब्दांत परत लिहायचे, ‘ॲक्युरसी’ ९० टक्के पाहिजे. मूळ लेख धूसर फोटोत, निम्मी अक्षरं वाचता येत नाहीत. तिने घरी बसून पन्नासच्या पन्नास पूर्ण केले. सहाव्या दिवशी रिपोर्ट, ८६ टक्के, फेल. तो रिपोर्ट मी स्वतः पाहिला. ‘कपाशी’ला लाल खूण, बरोबर शब्द ‘कापूस’ म्हणे. आमच्याकडे उभ्या पिकाला कपाशी म्हणतात, लहान पोराला पण माहीत आहे. दोन शब्दांत एक स्पेस जास्त पडली ती पण चूक. तुम्ही नापास व्हावं म्हणूनच ही परीक्षा घेतलेली असते. मग वकिलाच्या नावाने पीडीएफ, कराराचा भंग झाला, २४ तासांत ६,८०० भरा नाहीतर अटक वॉरंट निघेल.

हे नीट वाचा आणि ज्याला असा फोन येईल त्याला वाचून दाखवा. करार मोडणं हा दिवाणी मामला आहे, त्यात पोलीस उचलून नेत नाहीत. वकिलाची नोटीस म्हणजे पत्र, कोर्टाचा हुकूम नव्हे, आणि वॉरंट कोर्ट काढतं, व्हॉट्सॲपवरचा कोणी ‘लीगल हेड’ काढत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४ काय सांगतं? करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती आपोआप मिळत नाही, कोर्ट फार तर तेवढ्या रकमेच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) या केसमध्ये हे पक्कं केलं की कलम ७४ खाली भरपाई मागायची तर नुकसान झालेलं असायला पाहिजे. भाचीने ५० लेख लिहून दिले, एक रुपया घेतला नाही, उलट १,८५० दिले. यात कंपनीचं नुकसान कुठलं? आणि फसवून संमती घेऊन केलेला करार त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे फसलेल्या माणसाला रद्द करता येतो. तरी पोरं पैसे भरतात, कारण गल्लीत नाव जाईल याची भीती. आणि एकदा भरले की दुसरी नोटीस येते.

रजिस्ट्रेशनबद्दल एकच. बारा वर्षांत मला काम देणाऱ्या कोणीही माझ्याकडून आधी पैसे घेतले नाहीत. उशिरा देणारे भेटले, बुडवणारा एक भेटला, पण मागणारा नाही.

आणि बहिणाबाईंचं नाव कशाला ओढता? आसोद्याची ती माय जात्यावर, शेतात गाणी म्हणायची, घरच्यांनी ती लिहून ठेवली, ३ डिसेंबर १९५१ ला ती गेली आणि पुस्तक निघालं १९५२ मध्ये. तिने त्यावर पैसा कमावला नाही. तिचं नाव घेऊन आमच्याच पोरींना लुटायचं, याची चीड येते मला.

भाचीने काल सकाळी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करून तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं, चॅट, रिपोर्ट, नोटीस सगळ्याचे स्क्रीनशॉट जोडले. घरी पण सांगितलं, माझा दाजी काही बोलला नाही, नुसता तिच्याजवळ बसला. रात्री त्या ‘वकिला’च्या नंबरवरून दोनदा फोन आला, तिने उचलला नाही.