रक्त आले नाही म्हणून मार किरकोळ ठरत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या गोदामांतून सध्या एक मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. पूर्वीचे हमाल शंभर किलोचे पोते वाहत आणि त्यांना काही होत नसे. आता फोर्कलिफ्ट आल्याने डोक्याला धोकाच उरलेला नाही. आणि लागलेच तर रक्त आले नसल्यास झोप काढावी, असा त्याचा आशय आहे. यातला शेवटचा सल्ला जीवघेणा असल्यामुळे सुरुवात तेथूनच करतो.

कानशिलापाशी कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. तेथे मार बसल्यावर बाहेर कधी कधी साधे खरचटलेलेही दिसत नाही, पण रोहिणी फाटली असेल तर आत रक्त साचत राहते. माणूस उठतो, चहा घेतो, सोबत्यांशी बोलतो आणि काही तासांनी त्याची शुद्ध हरपते. त्या वेळी तो झोपलेला असेल, तर घरच्यांना ते कळतही नाही. उतारवयातील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या कामगाराच्या डोक्यात सावकाश रक्तस्राव होऊन लक्षणे काही आठवड्यांनीही दिसू शकतात.

हमालांना काही होत नसे, हे खरे नाही. त्यांच्या माना आणि मणके झिजत. 1969 च्या माथाडी कायद्यात आरोग्य आणि सुरक्षिततेची तरतूद उगाच आलेली नाही. शिवाय, डोक्यावर घेतलेले ओझे वेगळे आणि डोक्यावर आदळलेले वेगळे. तीन मीटर उंच थप्पीवरून सुटलेले पन्नास किलोचे साखरेचे पोते खाली येते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे 28 किलोमीटर असतो. एवढा आघात हेल्मेटलाही पेलत नाही, म्हणून उचललेल्या मालाखाली कोणी थांबूच नये.

फोर्कलिफ्टचे छत चालकाला वरून पडणाऱ्या मालापासून बऱ्याच अंशी वाचवते. पण गाडी कलंडताना तो उडी मारतो आणि त्याच छताखाली सापडतो. पट्टा बांधून आत बसून राहणे हाच बचाव असताना तो पट्टा सीटखाली दुमडून ठेवलेला मी अनेकदा पाहिला आहे. फोर्कवर, म्हणजे गाडीच्या पुढच्या दात्यांवर, रिकामे पॅलेट (माल ठेवायची चौकट) ठेवून त्यावर माणूस उभा करून थप्पीपर्यंत चढवतात, तेही तितकेच वाईट. असा माणूस खाली कोसळला, की हनुवटीचा पट्टा न लावलेले हेल्मेट जमिनीवर पोहोचण्याआधीच सुटलेले असते.

डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, अडखळणारे बोलणे किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास लगेच 108 ला फोन करावा. मार संध्याकाळच्या पाळीत लागला असेल, तर मुकादमाने कामगाराच्या घरी स्वतः कळवावे, कारण रोजगार बुडेल या भीतीने तो बहुधा घरी काही सांगत नाही.