फक्त गोव्यात विक्रीसाठी

"येताना दोन किंग्स हाड रे," एवढंच काका फोनवर म्हणाले. काका सावंतवाडीचे. तिथून गोव्याची हद्द एसटीने अर्ध्या तासावर, पण किंग्स बिअरची ती बुटकी तपकिरी बाटली काही हद्द ओलांडून सावंतवाडीच्या दुकानात येत नसे. लेबलावरच छापलेलं, 'फक्त गोव्यात विक्रीसाठी'.

म्हणजे बाटली काही गुन्हेगार नव्हे. राज्यघटनेने दारू राज्यांच्या ताब्यात दिली, त्यामुळे प्रत्येकाचं उत्पादन शुल्क वेगळं, परवाने वेगळे. गोव्यात स्वस्त, आमच्याकडे महाग. 2017 साली जीएसटी आला, साबणापासून सिमेंटपर्यंत बहुतेक सगळं एका पंगतीत बसलं. दारू मात्र पेट्रोल-डिझेलसारखी अजून सोवळ्यात वेगळी बसली आहे. महाराष्ट्रात तर 1949च्या दारूबंदी कायद्याने नुसतं प्यायलाही परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आणि त्यावर असतं की धारकाला ही दारू आरोग्य राखण्यासाठी हवी आहे!

हे सगळं ज्ञान मला म्हापशाला बसमध्ये चढल्यावर आठवलं. बाटल्या टॉवेलात गुंडाळून काजूच्या पुड्यांखाली ठेवल्या होत्या, तरी प्रत्येक खड्ड्याला किण्ण वाजत. किण्ण झालं की मी खोकायचो. पेडण्यापर्यंत शेजारच्या आजींनी मला खडीसाखर दिली.

हद्दीवरच्या पत्रादेवीला धीर सुटला आणि मी उतरलो. बाटल्या टाकून देववेनात. घरात 'पैसे झाडाक लागतत काय' ऐकत वाढलेला माणूस मी. शेवटी काजूच्या झाडाआड गेलो. ओपनर नव्हता. मैलाच्या दगडाच्या कडेला झाकण टेकवून वरून तळहाताने ठोकलं. पहिल्या बाटलीने निम्मा फेस शर्टावर ओतला. दुपारचे दोन, मे महिना, बिअर काढ्याइतकी कोमट. दोन्ही संपवल्या. रिकाम्या बाटल्या मात्र पुरावा म्हणून पिशवीत घातल्या, नाहीतर काका म्हणाले असते की आणायला विसरला.

पुढची बस नाक्यावर थांबली. हवालदार चढला, थेट माझ्यापाशी आला आणि पिशवीत हात घातला.

"रिकाम्या?"

मी मान हलवली.

"मग भरलेल्या खंय?"

उत्तर द्यायचं तर तोंड उघडायला हवं, आणि माझा सगळा माल तोंडातच होता. मी आजींची खडीसाखर गालात धरून नुसता हसलो. त्याने माझ्या शर्टाकडे पाहिलं, सावकाश वास घेतला, आणि कंडक्टरला म्हणाला, "ह्येका खिडकीकडे बसव."

काकांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. उलट्या केल्या. थेंब नाही. मग चष्मा लावून लेबल वाचलं.

"बराबर आसा," ते म्हणाले. "फक्त गोव्यात."