चारपैकी एक

गेल्या रविवारी माझी एसयूव्ही ओल्या गवतात अडकली. दलदलीत अडकली असती, नदीच्या वाळूत रुतली असती, तर सांगायला निदान काही शौर्य तरी उरले असते. पण ती अडकली एका समारंभासाठी मोकळ्या ठेवलेल्या सपाट मैदानात, गाड्या लावायच्या जागी. मी ॲक्सिलरेटर दाबून दाबून गवताचा चिखल आणि चिखलाचा खड्डा करीत असताना माझ्या शेजारून एक जुनी, लहानशी हॅचबॅक शांतपणे निघून गेली. तिच्या मागच्या काचेला नाक लावून बसलेल्या मुलाने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती मी अद्याप विसरलेलो नाही. तिचे इंजिन पुढे असते आणि ओढणारी चाकेही पुढचीच असतात, त्यामुळे इंजिनाचे सगळे वजन नेमके कामाच्या चाकांवर पडते; माझी ढकलणारी चाके मागे आणि मागची बाजू रिकामी, हे शास्त्र मला ठाऊक होते. पण काच वर केलेल्या मुलाला शास्त्र सांगायचे कसे? अखेर चार अनोळखी माणसांनी ढकलून मला बाहेर काढले आणि त्यांतल्या एकाने शर्टावरचा चिखल झटकत विचारले, "एवढी मोठी गाडी, आणि फोर बाय फोर नाही होय?"

त्या 'होय'मुळे मी सोमवारी सकाळी गॅरेजमध्ये उभा होतो.

मेकॅनिक एका गाडीखाली झोपलेला होता आणि त्याचे फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांना माझा मनोदय सांगितला की, ही गाडी फोर बाय टू आहे, म्हणजे जोर दोनच चाकांना, ती फोर बाय फोर करून हवी. पाय काही क्षण स्तब्ध राहिले. मग गाडीखालून "का?" असा प्रश्न आला, आणि मी उत्तर देण्यापूर्वीच कोपऱ्यातल्या गुळगुळीत टायरवर बसलेल्या एका आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. हे आजोबा गिऱ्हाईक नव्हते, नोकर नव्हते आणि मालकाचे नातलगही नव्हते. हे मी नंतर चौकशी करून घेतले. ते तिथे बसत असत, एवढेच.

"कुठली चाकं बसवायची म्हणता?" आजोबांनी विचारले.

"चाकं नाही बसवायची, आजोबा. चाकं चारच आहेत. फक्त चारही चाकांना ताकद द्यायची आहे."

"तुम्ही आत आलात तेव्हा मी पाहिलं. चारही फिरत होती."

मी समजावले की फिरणे वेगळे आणि फिरवले जाणे वेगळे. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून निघून लांब शाफ्टने मागच्या ॲक्सलपर्यंत जाते, मागची चाके गाडी ढकलतात आणि पुढची आपली नुसती घरंगळतात. आजोबांना पुढच्या चाकांची एकदम दया आली.

"नुसती कशी? वळतं कोण?"

"पुढची."

"ब्रेक दाबल्यावर जास्त भार कोणावर येतो?"

"पुढच्यांवरच."

"इंजिनाचं ओझं?"

"पुढच्यांवर," मी कबूल केले.

"मग एवढं सगळं करणाऱ्यांना तुम्ही आणखी गाडी ओढायला लावणार," ते म्हणाले, आणि गाडीखालचे पाय हसल्यासारखे हलले.

एव्हाना मी त्या माणसाशी वाद घालणे सोडून द्यायला हवे होते. परंतु रविवारचा अपमान ताजा होता, आणि अपमान झालेला माणूस ज्ञान वाटत सुटतो. मी त्यांना मैदानातला सारा प्रसंग सविस्तर सांगितला. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला आणि एकच प्रश्न विचारला, "गाडी अडकली तेव्हा मागची दोन्ही चाकं फिरत होती का एकच?"

मी गप्प झालो. खरे उत्तर 'एकच' असे होते. डावे चाक चिखल उडवीत भन्नाट फिरत होते आणि उजवे चाक जणू दुसऱ्याच गाडीचे असावे तसे स्वस्थ होते. यात गाडीचा काही बिघाड नव्हता; साध्या डिफरन्शियलचा स्वभावच तो आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते, म्हणून दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मुभा देणे हे डिफरन्शियलचे काम. पण दोघांना मिळणारा जोर तो सारखाच ठेवतो, त्यामुळे एका चाकाची पकड सुटली की दुसऱ्यालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो आणि सगळे फिरणे घसरणाऱ्या चाकाच्या वाट्याला जाते.

"म्हणजे तुमची गाडी दोनचाकीसुद्धा नाही," आजोबा म्हणाले, "एकचाकी आहे."

पायांच्या बाजूने खोकला ऐकू आला. मी घाईने म्हणालो, "म्हणूनच तर फोर बाय फोर करायची आहे."

"त्यात पुढं पण तसलाच डिफरन्शियल असतो?"

"असतो."

"आणि पुढचं एक, मागचं एक, अशी दोन घसरली तर?"

मी मेकॅनिकच्या पायांकडे आशेने पाहिले. "दोन्ही चाकांना एकत्र जखडणारा लॉकर नसेल तर अडकणार, साहेब," पाय म्हणाले.

"म्हणजे एवढं सगळं करून," आजोबांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडत निकाल दिला, "तुम्ही परत दोनवरच येणार."

यानंतर मेकॅनिक बाहेर आला, त्याने हात पुसले आणि 'एवढं सगळं' म्हणजे काय ते बोटांवर मोजायला सुरुवात केली. गिअरबॉक्सच्या मागे ताकद पुढे आणि मागे वाटणारी ट्रान्सफर केस हवी. ती बसवायची तर गिअरबॉक्सच्या शेवटाचा भाग बदलायला हवा, बहुधा अख्खा गिअरबॉक्सच. ट्रान्सफर केसने जागा खाल्ली की मागचा प्रॉपेलर शाफ्ट लांब पडणार, म्हणजे तो कापून पुन्हा बॅलन्स करून घ्यायचा. पुढे जाणारा शाफ्ट नवा, पुढचा डिफरन्शियल नवा, दोन्ही बाजूंचे ड्राइव्हशाफ्ट नवे, आणि माझ्या पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागात, शाफ्ट घुसवायला भोकच नसल्याने हबही नवे. इंजिनाचे ऑइल चेंबर डिफरन्शियलच्या आड येणार, तेही बदला. मग वायरिंग, मग इंजिनाचा आणि ब्रेक सांभाळणाऱ्या एबीएसचा कंप्युटर, ज्यांना या गाडीत कधी काळी पुढचे डिफरन्शियल येईल याची कल्पनाच कुणी दिलेली नाही. एका हाताची बोटे संपली तेव्हा त्याने दुसरा हात काढला.

"आणि दाते मोजावे लागतील," तो म्हणाला. मागच्या डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राउनला, ४१ दाते आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला १० असतील तर गुणोत्तर ४.१० होते; पिनियनला ११ असतील तर ३.७३. पुढे एक आणि मागे दुसरे बसले, तर पुढची चाके आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने जायचा हट्ट धरतात आणि दोघांच्या ओढाताणीत ट्रान्सफर केसचे तुकडे होतात. एका दाताच्या फरकाने एवढे होते, हे ऐकून आजोबांनी नकळत आपली जीभ दातांवरून फिरवली.

"त्यापेक्षा ही विका आणि फोर बाय फोर असलेलीच घ्या," मेकॅनिक म्हणाला. "नाहीतर मागून चेपलेली, पुढून शाबूत अशी याच मॉडेलची फोर बाय फोर शोधून आणा, तिचे सगळे अवयव यात घालू." म्हणजे एका गाडीत चार चाके चालवायला मी दोन गाड्या विकत घ्यायच्या.

मला खरा राग येतो तो इथे. ही दोन्ही रूपे एकाच कारखान्यातून, एकाच पत्र्यात बाहेर पडतात. तीच उंची, तीच रुंद चाके, तोच रानात जाण्याचा आव. माझ्या डॅशबोर्डवर, जिथे महागड्या गाडीत फोर बाय फोरचे बटण असते, तिथे प्लॅस्टिकचे एक कोरे झाकण आहे. रोज सकाळी ते मला माझी ऐपत सांगते. हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी १९०३ साली पेट्रोलच्या मोटारीत चारही चाकांना जोर देऊन दाखवला. त्याच्याही आधी, १९०० साली, फर्डिनांड पोर्शे याने चार चाकांत चार विजेच्या मोटारी बसवल्या होत्या. एवढ्या वर्षांनंतर मला जे मिळाले ते झाकण आहे, आणि ते नखाने काढले तर आत वायरसुद्धा नाही. मी काढून पाहिले आहे.

अर्थात, ती वायर असती तरी कोरड्या डांबरी रस्त्यावर ते बटण दाबायची मला बंदीच असती, कारण साध्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि वळणावर दोघांना हवे असलेले वेगळे अंतर कापता येत नाही. माझे सगळे आयुष्य कोरड्या डांबरावर जाते. हे मी गॅरेजमध्ये बोललो नाही. आजोबा ऐकत होते.

शेवटी मेकॅनिकने मागच्या चाकांना खोल नक्षीचे टायर घाला आणि जमले तर मागे एकाच चाकाला मोकाट फिरू न देणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवा, एवढे सांगून पुन्हा गाडीखाली आश्रय घेतला. सल्ला योग्य होता आणि म्हणूनच अपमानास्पद होता. मी गाडी सुरू केली. गॅरेजच्या फाटकाशी धुण्याचे पाणी साचून चिकट चढ झाला होता, आणि तिथे माझे मागचे एक चाक गर्रकन फिरले. आरशात मला दिसले की आजोबा टायरवरून उठून लगबगीने मागे आले आहेत, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आहेत आणि मोठ्या आनंदाने आत ओरडून सांगत आहेत, "आज उजवं आहे, आज उजवं!"